देवीचा डावा डोळा

लिहायला बसलो खरा, पण आधी क्षमा मागतो. आमच्या घरात आजवर कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि वडिलांचं तर सहीचंही काम अंगठ्यावर भागायचं. किल्ल्यांवर लिहिणारी माणसं वेगळी असतात. त्यांना सन, शक, तहाची कलमं ठाऊक असतात. मला त्यातलं काही येत नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत एका किल्ल्याखालच्या गावात राहायला गेलो होतो, एवढाच माझा अधिकार. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत, आणि माझ्या येण्याने त्यांना व्हायचा तेवढा त्रास होऊन गेलेला आहे.

नव्वद सालानंतरची सुरुवातीची वर्षं होती. मी वडखळच्या बाजूचा, खाडीकाठचा. वडील मिठागरावर काम करायचे. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पेणला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि दुपारी एका गणपतीच्या कारखान्यात जायचो. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे ओल्या फडक्याने पुसायचे, अंगरंग द्यायचा, एवढंच माझं काम. डोळ्यांची आखणी मोठे कारागीर करायचे. डोळ्यांना आम्ही हात लावायचा नाही असा तिथला नियम होता, पण बघायला मनाई नव्हती. मी तासन् तास बघत उभा राहायचो. ही बघायची सवय पुढे मला भोवली.

वर्गात माझ्या शेजारी बसणारा मित्र रोह्याचा, पेणला खोली करून राहायचा. त्याच्या मामाचं गाव हमरस्त्यावरच्या खांब गावाच्या वर डोंगरात, किल्ल्याच्या माचीवर. तो म्हणाला, ‘‘चल सुट्टीत. तुला इतिहास आवडतो ना? तिथं दगड उचलला तरी खाली इतिहास निघतो.’’ सुट्टीत कुठे जायचं असतं हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आईने आधी विचारलं, ‘‘तिकडं काय काम हाय?’’ काम नाही म्हटल्यावर तिला ते पटेना. पण मी निघालो तेव्हा तिने जुन्या साडीच्या काठाची, तिनेच शिवलेली पिशवी हातात दिली. आत आमच्या मिठागराचं जाडं मीठ होतं. ‘‘रिकाम्या हातान कुनाच्या घरी जाऊ नये,’’ म्हणाली. ‘‘आपल्याकडं हाय ते द्यावं.’’

खांबला एसटीतून उतरून आम्ही शेतातून चालत निघालो. भाताच्या कापण्या झालेल्या होत्या, खळ्यांवर झोडणी चालली होती. पुढे चढ लागला. माचीवर पोचायच्या अलीकडे पडक्या तटात एक दरवाजा आहे. त्याची कमान शाबूत आहे, पण वरून वडाची मुळं खाली लोंबतात. मला फार बरं वाटलं. पुस्तकातल्या चित्रात आपण शिरतोय असं काहीतरी. दरवाजाच्या आत ओट्यावर बसलेल्या माणसांनी बोलणं थांबवलं आणि आम्ही पुढे जाईपर्यंत पुन्हा सुरू केलं नाही, हे मला तेव्हा जाणवलं होतं. पण गावाकडे असं असतंच, असं मी स्वतःला सांगितलं.

मामा नागोठण्याला कंपनीत होते, शिफ्टवर. घरात मामी एकटीच होती. उंच, हडकुळी, कमरेला मोठी लोखंडी किल्ली खोचलेली. तिने भाच्याच्या पाठीत धपाटा घातला. ‘‘वर्षानं तोंड दाखवतोस, लाज वाटत नाय?’’ मग माझ्याकडे वळून हसली. मी पिशवी पुढे केली.

‘‘ह्ये काय आनलंस रे बाला?’’

‘‘मीठ आहे. घरचं. आईने दिलंय.’’

मामीचं हसू तिथेच राहिलं. तिने आधी दाराकडे बघितलं. मग पिशवी माझ्या हातातून घेतली, पदराखाली धरली आणि आत नेऊन भाताच्या कणगीमागे सारली. ‘‘बरं केलंस,’’ बाहेर येऊन हळू म्हणाली. ‘‘आईला सांग, मामीनं घेतलं. पन हितं कुनाला बोलू नको हां.’’

मित्राने कपाळावर हात मारला. ‘‘तुला सांगायचं राहिलंच माझ्याकडून!’’

काय सांगायचं राहिलं ते संध्याकाळी कळलं. मामीच्या पडवीत गावचा म्हातारा येऊन बसला. देवीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याच्याबरोबर मामीचा चुलत दीर होता, मिशीवाला, चाळिशीच्या आतबाहेरचा. म्हाताऱ्याने मला समोर बसवलं.

‘‘कुठचा रं तू?’’

‘‘पेणचा.’’

‘‘पेनचा म्हंजे पेनचाच? का खाडीकडचा?’’

‘‘वडखळच्या बाजूचा.’’

‘‘बाप काय करतो?’’

मी तोंड उघडायच्या आत मित्र म्हणाला, ‘‘गणपतीच्या कारखान्यात हायेत.’’

मी मित्राकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

‘‘गनपतीवालं व्हय! म्हंजे डोळं काढनारी मानसं तुमी,’’ म्हातारा म्हणाला आणि स्वतःच हसला. दीर हसला नाही.

मग म्हाताऱ्याने देवीची गोष्ट सांगितली. फार जुनी, महाराजांच्याही आधीची, बादशाही अमलातली. देवी म्हणजे माचीवरच्या देवळातली शेंदूर लावलेली शिळा. तिला मेणाने चिकटवलेले चांदीचे दोन डोळे, डावा मागाहून घडवलेला. उजव्या डोळ्याने ती घाट राखते, डाव्याने खाडी. दिवाळीच्या पाडव्याला तिला नवा शेंदूर चढतो. त्या वेळी डोळे काढून ठेवावे लागतात. तेवढा वेळ देवी आंधळी असते, आणि आंधळ्या देवीला कुणी बघायचं नाही. सगळे पाठ फिरवून उभे राहतात. शेंदूर लावणारासुद्धा स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, हाताच्या अंदाजाने लावतो.

‘‘तवाबी पट्टी होती,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘म्हनून तर जमलं त्याला.’’

‘‘कुणाला?’’

‘‘मीठवाल्याला. खाडीवरनं मीठ घेऊन आला होता, बैलांवर. गडावर शिबंदी होती, मीठ लागायचं. पाडव्याला हितंच होता. समद्यांनी पाठ फिरवली आन् त्यानं डावा डोळा उचलला. शेंदूर लावून झाला, बघतात तर एकच डोळा. मीठवाला गेलेला. चार रोजात खाडीच्या अंगानं फौज चढली. देवीला दिसलीच नाय. गड पडला.’’

‘‘तवापासनं,’’ दीर माझ्यावरची नजर न काढता म्हणाला, ‘‘खाडीचं मीठ ह्या दरवाजातनं आत येत नाय. आमी मीठ आनतो ते रोह्याच्या दुकानातनं. पुडीबंद.’’

कणगी माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडेच होती. मी मान हलवत राहिलो.

पुढचे दिवस सुट्टीसारखे गेले असं म्हणता येणार नाही. आम्ही किल्ल्यावर गेलो, तर दीर ‘‘वाट चुकाल’’ म्हणून बरोबर आला. वाट एकच होती. वर पाण्याचं खोदलेलं टाकं आहे, आत दगडी खांब सोडलेले. मी वाकून पाहिलं, तर तो मागून म्हणाला, ‘‘आत काय शोधतोस?’’ मी दगडाचा एक कोरीव तुकडा हाताने पुसून बघत होतो, कारखान्याची सवय म्हणून, तर म्हणाला, ‘‘ठेव तो. पुसतोस कशाला?’’ विहिरीवर बायका मला बघून कळशा दुसऱ्या अंगाला घेत. मी चहा किती गोड पितो इथपासून रात्री कुणीकडे डोकं करून झोपतो इथपर्यंत मामीला विचारणा व्हायची. ती हसून उडवून लावायची. ‘‘पाहुना हाय तो, वाघ नाय,’’ म्हणायची. पण तीही मला एकट्याला बाहेर पाठवत नव्हती.

मामीला मूलबाळ नव्हतं. देवीची पूजा मामांच्या घराकडे होती, आणि मामा शिफ्टवर असल्याने रोजची पूजा तीच करायची. सकाळी आंघोळ करून, ओले केस पाठीवर सोडून, किल्ली कमरेला लावून ती देवळाकडे निघायची, तेव्हा तिची चालच बदलायची. ओट्यावरचे पुरुष पाय आखडून घ्यायचे. एरवी ती कुणाची तरी बायको, कुणाची तरी वहिनी. ती किल्ली कमरेला असेपर्यंत मात्र देवीची.

पाडव्याच्या सकाळी कंपनीतून परतलेल्या एका माणसाबरोबर निरोप आला. मामांचा रिलिव्हर आला नव्हता, त्यांना डबल ड्युटी पडली होती. ते येऊ शकत नव्हते.

दीर अंगणात येऊन उभा राहिला. ‘‘वैनी, दादाला देवीपेक्षा शिफ्ट प्यारी झाली म्हनायची. ठीक हाय. मी करतो.’’

‘‘तुमी कशाला? मान ह्या घरात हाय. तुमचं दादा नायत तर मी हाय.’’

‘‘बाईमानूस शेंदूर लावनार?’’

‘‘रोजची आंघोळ कोन घालतं देवीला? दिवा कोन लावतं? तवा बाईमानूस चालतं. तवा तुमी कुटं असता, भावजी? पांघरुनात!’’

ओट्यावरची माणसं हसली. दिराचे कान लाल झाले. म्हातारा आला, दोघांचं ऐकून घेतलं, बराच वेळ तंबाखू मळत बसला. शेवटी म्हणाला, ‘‘कर तू. पन एक सांगतो. काय इपरीत झालं तर मान फिरंल. किल्ली ह्याच्याकडं जाईल.’’

‘‘जाऊ दे,’’ मामी म्हणाली. पण किल्लीवर तिचा हात होता.

दुपारी सगळं गाव देवळात जमलं. गाभारा लहान, समोर सभामंडप. मामी गाभाऱ्यात शिरली. म्हाताऱ्याने तिच्या डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधली. गाभाऱ्याच्या उंबरठ्याबाहेर दीर देवीकडे पाठ करून उभा राहिला आणि ताम्हण दोन्ही हातांनी मागे धरलं. त्याच्यापुढे माझा मित्र समई सांभाळत, तोही पाठमोरा. म्हाताऱ्याने आवाज दिला आणि सगळं गाव एकदम दरवाजाकडे वळलं.

मीही वळलो होतो. पण मागे शेंदूर कालवल्याचा वास आला, तेलाचा आणि रंगाचा, थेट आमच्या कारखान्यातला. हाताने रंग कसा चढवत असतील, बोटाने की तळव्याने, असं मनात आलं आणि मान वळली. क्षणभरच. मला देवी दिसली नाही. मामीची पाठ दिसली, आणि तिचा उजवा हात. तो अंधारात चाचपडत मागे आला आणि ताम्हणात काहीतरी ठेवलं. पुन्हा गेला, पुन्हा आला. पुन्हा काहीतरी ठेवलं. मी मान फिरवली.

शेंदूर चढवून झाला. मामी आतून म्हणाली, ‘‘डोळं द्या.’’ दिराने ताम्हण तसंच मागे सरकवलं. ताम्हणात बोटं फिरल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग मामी म्हणाली, ‘‘एकच हाय.’’

तिने तो एक बसवला. पट्टी सुटली, सगळे वळले. नव्या केशरी शेंदरात एकच डोळा, उजवा. डावीकडे गुळगुळीत, ओला, सपाट शेंदूर. ताम्हणात मेण लागलेली शेंदराची एक जाड खपली पडली होती.

‘‘मी दोन्ही काढले,’’ मामी म्हणाली. ‘‘हाताला दोन लागले माझ्या.’’

‘‘ही खपली डोळ्याखालचीच,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘डोळा उचकटून नेला, मेण हितं राह्यलं.’’

कुणीतरी बाई मागून म्हणाली, ‘‘तो पेनवाला बघत होता. मान वळवून. मी पायलं.’’ ती स्वतः मान वळवल्याशिवाय कशी बघू शकली, हे मला पुष्कळ नंतर सुचलं. त्या वेळी मी एवढंच म्हणालो, ‘‘मी फक्त बघितलं.’’ त्याहून वाईट उत्तर मला देता आलं नसतं.

माझे खिसे उलटे केले. मित्राचेही केले. मग घरी जाऊन माझी बॅग ओट्यावर रिकामी केली. कपडे, वही, कारखान्यातला एक बारीक ब्रश. ब्रश हातोहात फिरला. मग दीर आत गेला. मामी दारात आडवी उभी होती, पण तो तिच्या बाजूने घुसला आणि थोड्या वेळाने आईची पिशवी घेऊन बाहेर आला. ओट्यावर त्याने ती उपडी केली.

उन्हात मीठ चमकलं. बायका मागे सरल्या.

‘‘कुनाच्या घरचं ह्ये?’’ म्हाताऱ्याने मला विचारलं. ‘‘बाप गनपतीवाला ना तुजा?’’

‘‘मी मागवलं,’’ मामी म्हणाली. ‘‘लोनच्याला जाडं मीठ लागतं. पुडीतल्याला पानी सुटतं. भाच्याला सांगितलं, त्यानं आनलं. ह्या पोराचा काय संबंध नाय.’’

‘‘लोनचं? दिवाळीत?’’ दीर म्हणाला. ‘‘कैऱ्या कुटं हायत, वैनी?’’

मी बोलायला हवं होतं असं तेव्हाही वाटलं, पण मामीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उघडलेलं तोंड मिटलं.

शेवटी देवीलाच विचारायचं ठरलं. कौल लावला. तिच्या कपाळावर दोन्ही अंगांना फुलांच्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर पाहुणा खरा, डावी पडली तर खोटा. सगळे बसून राहिले. शेंदूर ताजा, तेलकट. कळ्या जिथल्या तिथे घट्ट बसल्या. सावल्या लांबल्या तरी एकही पडली नाही.

‘‘देवी बोलंना,’’ म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच घाबरलेला होता. ‘‘रुसली.’’

त्याने दिराकडे बघितलं. दिराने मामीपुढे हात केला. मामीने कमरेची किल्ली काढली. त्याच्या हातात दिली नाही. देवळाच्या उंबरठ्यावर ठेवली आणि घराकडे चालू लागली. रोजची ती चाल नव्हती.

आम्हाला उजेड असताना गाव सोडायला सांगितलं होतं. मामीने फडक्यात भाकऱ्या बांधून दिल्या. मित्र पुढे गेल्यावर तिने मला थांबवलं. ‘‘बाला, खरं सांग. तू घेतला नायस ना?’’

‘‘नाही, मामी.’’

‘‘मंग झालं.’’

पण तिने विचारलं होतं. मिठाचा आळ स्वतःवर घेणाऱ्या बाईलाही विचारावं लागलं होतं. डोंगर उतरताना तेच डोक्यात घोळत होतं.

खांबला गाडीत बसल्यावर मित्र म्हणाला, ‘‘तू मान वळवलीस तेव्हा काय दिसलं?’’

‘‘मामींचा हात. दोनदा ताम्हणात आला.’’

‘‘म्हणजे दोन्ही काढले होते.’’

‘‘हो.’’

‘‘ताम्हण मामाच्या भावाच्या हातात.’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे तू म्हणतोस, त्यानं...?’’

‘‘मी काही म्हणत नाही. तू त्याच्या पुढेच होतास ना? काही ऐकू आलं?’’

त्याने माझ्याकडे बघितलं. ‘‘म्हणजे मी?’’

‘‘तसं नाही म्हणालो.’’

नागोठणं गेलं. वडखळला मी उतरताना त्याने वरच्या फळीवरून माझी बॅग काढून दिली. देण्याआधी हातातच जराशी वर-खाली केली. वजन बघावं तशी. त्याला स्वतःला ते कळलं असेल की नाही, सांगता येत नाही.

त्यानंतर वर्गात आम्ही शेजारी बसत होतो, पण मध्ये पुस्तकं ठेवायला लागलो. माझ्या मनात रोज नवा माणूस यायचा. कधी दीर, त्याला मान हवा होता. कधी मित्र, तो सर्वांत जवळ होता, आणि म्हाताऱ्यापुढे माझ्या बापाबद्दल खोटं इतक्या सहज बोलला होता. एकदा तर मामीचाच विचार आला आणि मला माझीच किळस वाटली. कधीकधी मी सुट्टीतला तो शर्ट काढून त्याचे खिसे पुन्हा तपासायचो. मी चोरलेला नाही हे मला ठाऊक होतं, तरीही. संशय आला की तो कुठे थांबायचं हे माणसाच्या हातात राहत नाही, एवढं मी त्या दिवसांत शिकलो.

आईने पिशवीबद्दल विचारलं तेव्हा मामीने ठेवून घेतली असं सांगितलं. ‘‘मीठ आवडलं त्यांना?’’ तिने विचारलं. हो म्हणालो.

मामीची खबर अधूनमधून मित्राकडून कळायची. पूजा दिराकडे गेली होती. रोह्याच्या सोनाराकडून नवा डावा डोळा करून आणला होता. मामी देवळात जायची, पण मंडपात मागे, इतर बायकांबरोबर उभी राहायची. मामांनी कंपनीत बदली मागितली, मिळाली नाही. पुढे मित्र नोकरीसाठी मुंबईला गेला आणि खबर यायची बंद झाली.

मी शिकून नागोठण्याजवळच्या एका शाळेत लागलो. गणपतीच्या आधीच्या दिवसांत मात्र संध्याकाळी पेणच्या कारखान्यात जायचो. मालक म्हातारे झाले होते, कारागीर कमी पडत. मला आता आखणीला बसवायचे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. श्रावण संपत आला होता आणि मी एका मूर्तीचा डावा डोळा आखत होतो, तेव्हा दारात कुणीतरी उभं राहिलं. भिजलेला, मिशी पांढरी झालेला माणूस. मी ब्रश खाली ठेवला.

‘‘भाच्यानं सांगितलं, हितं सापडाल,’’ तो म्हणाला. मामीचा दीर. मला अहोजाहो करत होता. ‘‘मुंबैवरनं आला होता. म्हनाला, मी जात नाय, माजं तोंड नाय, तुमीच जा.’’

त्याला बसायला पाट दिला. तो बसला नाही. ताम्हण धरावं तसे हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

‘‘देवीनं कवच टाकलं,’’ म्हणाला. ‘‘पावसात कौलं गळत होती. सकाळी दार उघडतो तर समदा शेंदूर खाली. मोठ्ठं टरफल, बोटभर जाड, एकावर एक थर. उचलताना मोडलं. आत...’’ तो थांबला. ‘‘आत डोळा होता. डावा. तोच. जागच्या जागी बसलेला. वैनीनं काढलाच नव्हता तो. आदल्या वर्साच्या शेंदरानं कडा बुजल्या होत्या, बोटाला लागला नाय. तिच्या हाताला खपली आली, तिला वाटलं डोळाच. वर शेंदूर थापला. आन् मी येवढी वर्सं त्याच्यावर नवा डोळा बसवतोय, पट्टी बांधून.’’

दोनदा ताम्हणात आलेला तो हात डोळ्यांसमोर आला. मी एकटाच तो बघणारा, आणि बघूनही मला काही दिसलं नव्हतं.

‘‘माज्या बायकोनंबी एकदा विचारलं मला,’’ तो म्हणाला. ‘‘तुमी तर नाय ना घेतला? ताम्हण तुमच्या हातात होतं. सख्ख्या बायकोनं!’’

‘‘मला मामींनीही विचारलं होतं,’’ मी म्हणालो.

आम्ही दोघे एकमेकांकडे बघून हसलो. मला ते कसंतरीच वाटलं, पण हसलो.

‘‘अजून हाय,’’ तो म्हणाला. ‘‘टरफलाच्या पार आतल्या थरात, जिथं शेंदूर काळा पडलाय, तिथं आनखी एक निघाला. मोठा. झिजलेला. तोबी डावाच.’’

कारखान्यात पत्र्यावर पाऊस वाजत होता.

‘‘म्हातारा म्हनतो, तो डोळाच नाय, शिशाचा तुकडा हाय. सोनाराला दाखवू म्हनलं तर नको म्हनला. गावात काय जन मानतात, काय नाय. मी काय शिकलेला नाय. पन तुमीच सांगा, तिथं शिशाचा तुकडा कोन कशाला चिकटवील?’’

मी शिकलेला होतो. मलाही सांगता आलं नाही. तेवढ्या जुन्या काळचं मला काहीच माहीत नाही. एक मीठवाला, बैल घेऊन डोंगर उतरत असलेला, मागे काय म्हणतायत ते ठाऊकच नसलेला, एवढंच मला दिसलं.

‘‘आणि मामी?’’ मी विचारलं.

‘‘किल्ली घेऊन गेलो तिच्याकडं. घेईना. मग देवळाच्या उंबऱ्यावर ठेवली, तिनं ठेवली होती तशीच. दुसऱ्या दिवशी उचलली. पन म्हनाली, पाडव्याला शेंदूर मीच लावनार, आन् पट्टी बांधनार नाय. देवीकडं बघून लावनार.’’

‘‘म्हाताऱ्याने ऐकलं?’’

‘‘म्हाताऱ्याला आता ऐकू कमी येतं. त्यानं व्हय म्हनलं का नाय, कोन बघतो.’’

मग त्याने काखेतून घडी केलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. जुन्या साडीच्या काठाची पिशवी. धुऊन, वाळवून ठेवलेली.

‘‘वैनीनं सांगितलंय,’’ तो म्हणाला, ‘‘पाडव्याला तुमी या. आन् येताना ह्यातनं मीठ आना. घरचं.’’